कानागावाची लाट कोणी केली?

जपानी चित्रकार होकुसाईच्या जगप्रसिद्ध लाटेचं मूळ चित्र आज कुठेही नाही. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियममध्ये जे आहेत, ते लाकडी फळ्यांवरून काढलेले छाप. होकुसाईने शाईने काढलेलं रेखाटन लाकडी फळीवर पालथं चिकटवलं गेलं आणि कोरणाऱ्याच्या सुरीखाली फळीबरोबरच कापलं गेलं. त्यात कुणाचा निष्काळजीपणा नव्हता. ते रेखाटन कापलं जाण्यासाठीच काढलेलं होतं, आणि काढताना होकुसाईला ते माहीत होतं.

चित्रकलेत एकत्र काम करायचं म्हटलं की एका भिंतीवर किंवा एका कॅनव्हासवर दोघा-तिघांनी रंग लावणं एवढंच बहुतेकांना सुचतं. या एका छापाची घडण नीट पाहिली तर दुसरी, जास्त कठीण पद्धत दिसते. इथे चौघांची, म्हणजे प्रकाशक, चित्रकार, कोरणारा आणि छापणारा यांची, कामं एकामागून एक येतात. प्रत्येकाला आपलं काम पुरं करून, पण पुढच्याचं काम त्याच्यासाठी शिल्लक ठेवून, थांबावं लागतं. लाटेचं यश या थांबण्यात आहे असं आमचं मत आहे.

प्रकरण असं. 1831च्या सुमारास एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोक्योत, प्रकाशक निशिमुराया योहाची याने फुजी पर्वताच्या छत्तीस दृश्यांची मालिका काढली. 'कानागावा-ओकी नामी-उरा' हा त्यातला एक छाप, हीच ती लाट. आकार साधारण 25.7 × 37.9 सेंटिमीटर, म्हणजे आपल्या ए-फोर कागदापेक्षा मोठा आणि ए-थ्रीपेक्षा लहान. ताजी मासळी वाहून नेणाऱ्या तीन लांबट होड्या, वर उचललेली लाट आणि मागे खाली, छोटासा फुजी. होकुसाईचं वय तेव्हा सत्तरीच्या आसपास. मालिका इतकी खपली की पुढे आणखी दहा दृश्यं काढली गेली आणि छत्तीसची शेहेचाळीस झाली.

पहिला निर्णय चित्रकाराच्या कुंचल्याआधी झाला, आणि त्यात प्रकाशकाचा वाटा मोठा होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तयार झालेला प्रशियन निळा रंग जपानमध्ये 'बेरो-आई', म्हणजे बर्लिनची नीळ, म्हणून ओळखला जाई. 1820च्या दशकाच्या अखेरीस तो चीनमार्गे येऊन छापखान्यांना परवडेल इतका स्वस्त झाला. झाडाच्या निळीपेक्षा तो गडद होता, उजेडात कमी फिका पडे आणि पाणी वाढवत नेलं की एकाच रंगातून अनेक छटा देई. नव्या मालिकेची जाहिरात निशिमुरायाने निळ्या छपाईच्या जोरावरच केली. पहिल्या छत्तीस दृश्यांच्या बाह्यरेषाही काळ्याऐवजी निळ्या आहेत आणि नंतरच्या दहांच्या काळ्या. निळ्या रेषेमुळे पाणी आणि त्याची कड एकाच द्रव्याची वाटतात. हा परिणाम ज्या रंगावर उभा आहे तो बाजारातून आणण्याची जोखीम प्रकाशकाने घेतली होती. भांडवल त्याचं, कागद त्याचा, ठसे, म्हणजे छपाईसाठी कोरलेल्या फळ्या, त्याच्या मालकीचे, विक्रीही त्याची. चित्रकाराला रेखाटनाचे पैसे एकदाच मिळत. पुढे छाप कितीही खपले तरी त्यातला वाटा त्याच्याकडे येत नसे.

होकुसाई या कामाला नवखा नव्हता. चौदा-पंधराव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत त्याने ठसे कोरण्याच्या दुकानात उमेदवारी केली होती आणि चित्रकाराकडे शिकायला तो नंतर गेला. म्हणून त्याची रेघ लाकूड ओळखून येते. लाटेच्या टोकाचे फेसाचे पंजे पाहा. प्रत्येक रेघेला सुरुवात आहे, शेवट आहे आणि दोन रेघांमध्ये पटाशीला उतरायला जागा आहे. कुंचल्याचा पुसट, सुकत गेलेला फटकारा त्यात नाही, कारण तो लाकडात जसाच्या तसा उतरत नाही.

छापखान्यात जाणारं रेखाटन पातळ कागदावर फक्त शाईच्या रेषेत असे. रंग त्यात नसत. 1790पासून असं रेखाटन आधी परवानगीसाठी दाखवावं लागे. मग ते कोरणाऱ्याकडे जाई.

ठशासाठी लागते डोंगरी चेरीची, चांगली मुरवलेली, खोडाच्या लांबीत कापलेली फळी. हे लाकूड घट्ट, एकसारख्या पोताचं असतं. बारीक रेघ धरून ठेवतं आणि पाण्याने लवकर फुगत नाही. फळीवर भाताची खळ हाताने पातळ पसरून रेखाटन पालथं बसवतात. कागद थोडा सुकला की पाठीचे थर बोटांनी अलगद चोळून काढायचे, इतके की शाई तरंगल्यासारखी दिसावी. वरून तेलाचा हात फिरवला की उरलेला पापुद्रा पारदर्शक होतो. चूक इथेच सुरू होऊ शकते. खळ जाड बसली तर कागद सुरीखाली सरकतो. कागद ओला असताना ओढला गेला तर रेखाटनच ताणलं जातं आणि ते पुन्हा मिळणार नसतं.

रेघ कोरायची म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढायचं. सुरी मुठीत धरून, पातं किंचित कलतं ठेवून, रेघेच्या एका कडेने काप घेतात आणि मग फळी फिरवून दुसऱ्या कडेने. रेघेच्या भिंती बाहेरच्या बाजूला उतरत्या राहिल्या पाहिजेत, म्हणजे माथा बारीक आणि पाया रुंद. पातं उलट्या बाजूला कललं तर रेघ खालून पोखरली जाते आणि शे-दोनशे छापांत तुटते. उरलेलं रिकामं लाकूड गोल धारेच्या आणि सपाट पटाशांनी काढतात. मोठ्या मोकळ्या जागेत हे पुरेसं खोल गेलं नाही तर ओला कागद मध्येच टेकतो आणि आभाळात डाग पडतो. या दुकानांतही कामाची उतरंड असे. चेहरे आणि केस मुख्य कारागिराकडे, कपडे आणि अक्षरं त्याच्या हाताखालच्यांकडे, मोकळी जागा साफ करणं शिकाऊ पोरांकडे.

आता या सगळ्या व्यवस्थेतली आम्हाला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. तिच्यात ना रंग आहे ना रेषा. ठशाच्या चित्राबाहेरच्या कडेला दोन खाचा कोरतात. त्यांना 'केंतो' म्हणतात. एक खाली उजव्या कोपऱ्यात, काटकोनाची, जिच्यात कागदाचा कोपरा बसतो. दुसरी त्याच लांब कडेवर डावीकडे, सरळ, जिच्यावर कागदाची कड टेकते. खोली जेमतेम कागद अडेल एवढी. छापणारा आधी कोपरा काटकोनात बसवतो, मग कड सरळ खाचेला लावतो आणि कागद सोडतो. कोपरा आणि कड मिळून कागदाला हलायला जागाच उरत नाही. हातकागदाच्या चारही कडा कधीच सारख्या नसतात, पण प्रत्येक रंगाला तीच कड आणि तोच कोपरा वापरल्यामुळे बाकीच्या दोन कडा कशाही असल्या तरी बिघडत नाही.

या खाचा रंगांच्या ठशांवर नेमक्या त्याच जागी कशा येतात? रेषेचा ठसा तयार झाला की त्याचे कच्चे छाप काढतात, आणि ते काढताना खाचांनाही शाई लावतात. जितके रंग, तितके छाप. ते चित्रकाराकडे परत जातात. तो एकेका छापावर एकेका रंगाची जागा लाल शाईने भरतो: हा कागद गडद निळ्याचा, हा फिक्या निळ्याचा, हा होड्यांच्या पिवळ्याचा, हा आभाळाच्या राखाडीचा. मग हे कागदही पालथे चिकटवून नव्या फळ्यांवर कोरले जातात. खाचा त्यांच्याबरोबर येतात. मोजपट्टी कुठेच लागत नाही. एका माणसाने केलेली खूण कागदावरून दुसऱ्या फळीवर आणि तिथून तिसऱ्या माणसाच्या अंगठ्याखाली जाते. सहकार्याबद्दल चांगलं बोलणं सोपं आहे. इथे ते लाकडात कोरलेलं आहे.

कच्च्या छापांच्या या फेरीत चित्रकार पहिल्यांदा रंगाबद्दल निर्णय देतो, तोही रंग न लावता. प्रत्यक्ष छटा तो आणि प्रकाशक छापणाऱ्याच्या शेजारी बसून, पहिले नमुने पाहून ठरवत. आजच्या छापखान्यात मंजूर प्रूफ भिंतीला टाचून पुढची सगळी छपाई त्याच्याशी जुळवतात. मूळ तेच.

छापणाऱ्याचं काम कागदापासून सुरू होतं. कागद कोझोच्या, म्हणजे तुतीच्या कुळातल्या झाडाच्या, सालीचा. जाडसर, मऊ, लांब तंतूंचा, वारंवार घासलं तरी न फाटणारा. त्याला सरस आणि तुरटीच्या पाण्याचा हात दिलेला असतो. तुरटी सरसाच्या साधारण निम्मी. सरस कमी पडला तर रंग तंतूंतून पसरतो आणि रेघेची कड फुटते. जास्त झाला तर कागद रंग पीतच नाही आणि रंग वर चमकत राहतो. तुरटी जास्त झाली तर कागद आम्लधर्मी होऊन काही वर्षांत ठिसूळ होतो.

छपाईच्या काही तास आधी कागद ओलावतात. प्रत्येक पान भिजवत नाहीत. दोन-तीन पानांआड एक पान ओलं करून गठ्ठा रचतात, झाकून वजनाखाली ठेवतात आणि ओल आपोआप सारखी पसरू देतात. ही ओल शेवटच्या रंगापर्यंत तशीच राहिली पाहिजे. 38 सेंटिमीटरचा कागद सुकून अर्धा टक्का आकसला तरी टोकाला जवळजवळ 2 मिलिमीटरचा फरक पडतो आणि निळा रंग लाटेच्या रेघेबाहेर जातो. आपल्याकडे हे करून पाहणाऱ्यांना हवामानाचा त्रास होतो तो नेमका इथे. नागपूरच्या मे महिन्यात गठ्ठा कडांनी आधी सुकतो आणि मध्ये ओला राहतो, म्हणून कडांवर ओलं फडकं गुंडाळावं लागतं. कोकणातल्या पावसाळ्यात उलटं होतं: खळ एका रात्रीत आंबते आणि दोन दिवस ओला ठेवलेला गठ्ठा बुरशीने ठिपकाळतो. तिथे एका दिवसात संपतील तेवढेच कागद भिजवावेत.

ठशावर रंग आणि थेंबभर भाताची खळ टाकून घोड्याच्या केसांच्या ब्रशने दोन्ही एकत्र पसरतात. खळीमुळे रंगाला अंग येतं आणि तो सपाट बसतो. ती कमी पडली तर छापावर तिळासारखे ठिपके उठतात, जास्त झाली तर रेघांच्या कडेला रंगाचा काठ साचतो. मग कागद खाचांत बसवून पाठीवरून 'बारेन' फिरवतात. बारेन म्हणजे तळहाताएवढी चकती. आत बांबूच्या सालीची पिळलेली दोरी चक्राकार गुंडाळलेली, मागे कागदाचे थर चिकटवून लाख दिलेली पाठ, बाहेरून बांबूच्या सालाचं आवरण. दाब मनगटातून द्यायचा नसतो, खांद्यातून आणि अंगाच्या वजनातून द्यायचा असतो. नुसत्या मनगटाने छापणाऱ्याचे पहिले वीस छाप चांगले येतात आणि पुढचे फिके.

फुजीमागचं आभाळ क्षितिजाशी गडद आहे आणि वर फिकं होत जातं. ही उतरती छटा ठशावर कोरलेली नाही. ठसा सपाटच असतो. छापणारा ओल्या फडक्याने ठशाचा एक भाग भिजवतो, ब्रशच्या एका टोकालाच रंग घेतो आणि आडवा फिरवतो. पाण्यात रंग विरत जातो. हे प्रत्येक कागदाला नव्याने करावं लागतं. चित्रातला हा सर्वांत हवेशीर भाग होकुसाईच्या रेखाटनात नव्हता आणि कोरणाऱ्याच्या लाकडातही नव्हता. तो छापणाऱ्याच्या हातात होता. दोन संग्रहालयांतल्या प्रती शेजारी ठेवल्या की आभाळ वेगळं दिसतं. त्याचं एक कारण रंग उडणं आणि दुसरं हे.

आणखी एक अधिकार छापणाऱ्याकडे असे. दमट हवेत फळी फुगली आणि रंग रेघेपासून सुटू लागला, तर तो काम थांबवून ठसा परत पाठवत नसे. खाचेतून केसभर लाकूड काढायचं किंवा बारीक कपची बसवायची आणि पुढे चालू. दुसऱ्याने कोरलेल्या ठशाला हात लावायची ही मुभा फक्त खाचेपुरती होती, चित्रापुरती नाही. वाटणी इतकी स्पष्ट असल्यामुळे ती टिकली.

पहिली खेप रूढीने 200 कागदांची. समजा आठ वेळा कागद बारेनखाली गेला, तर एका खेपेला 1600 वेळा हात फिरला. खप असेल तर खेपांवर खेपा निघत. लाटेच्या सगळ्या मिळून सुमारे 8000 प्रती निघाल्या असाव्यात असा अंदाज आहे. ब्रिटिश म्यूझियममधल्या संशोधनात आज शिल्लक असलेल्या शंभराहून थोड्या जास्त प्रती शोधून त्यांची तुलना केली गेली. चित्राच्या डाव्या वरच्या भागात शीर्षकाची चौकट आहे. सुरुवातीच्या प्रतींत तिच्या दुहेरी रेषा अखंड आहेत, नंतरच्या प्रतींत तुटलेल्या. लाकूड झिजत गेलं, बारीक रेघा आधी गेल्या. कुठली प्रत आधीची आणि कुठली नंतरची, हे या तुटींवरून लावता येतं. सुरुवातीच्या प्रतींत आभाळात गुलाबीसर ढगही दिसतो. उजेडात राहिलेल्या प्रतींत तो जवळजवळ पुसला गेला आहे.

किमतीची कल्पना यावी म्हणून: 1842च्या सरकारी निर्बंधांत एका रंगीत छापाला 16 मोन (तेव्हाची जपानी नाणी) ही कमाल किंमत ठरली, आणि साध्या सोबा शेवयांची वाटी तेव्हा तेवढ्यालाच मिळे. इतक्या स्वस्तात इतकं उत्तम काम देणं एकट्या माणसाला अशक्य होतं. कामाची वाटणी हे त्याचं आर्थिक कारण.

पण या वाटणीत एक अन्याय आहे आणि त्यावर पांघरूण घालू नये. छापावर नाव आहे होकुसाईचं: 'पूर्वीचा होकुसाई, आता ईत्सू, याच्या कुंचल्यातून'. लाट कोणी कोरली, कोणी छापली, ते छापावर कुठेच नाही. फेसाचे ते पंजे ज्याने उलट्या आरशातल्या रूपात लाकडातून काढले, तो माणूस आपल्याला अनोळखी आहे. होकुसाईला स्वतःला मात्र कोरणारा कोण याने फार फरक पडे. 1830च्या दशकात प्रकाशकांना लिहिलेल्या पत्रांत तो काम एगावा तोमेकिची या कारागिराकडेच द्या असा आग्रह धरतो, आणि दुसरे कोरणारे नाक-डोळे आपल्या नेहमीच्या सवयीने कोरतात, माझ्या रेषेप्रमाणे नाही, अशी तक्रार करतो. फुजीच्या शंभर दृश्यांचं त्याचं पुस्तक 1834पासून निघू लागलं, त्यात एगावाचं नाव छापलेलं आहे. म्हणजे नाव देण्याची रीत होती आणि जागाही होती. सुट्या छापांच्या व्यवहारात ती पाळली गेली नाही, एवढंच.

विसाव्या शतकात या व्यवस्थेवर दोन उत्तरं आली. 1904मध्ये जपानी चित्रकार यामामोतो कानाए याने मासेमाराचा एक छाप स्वतः रेखाटून, स्वतः कोरून, स्वतः छापला. त्यातून 'स्वतःच सगळं करू' म्हणणारी चळवळ उभी राहिली. तिने मोकळेपणा आणला, पण हजारो ठसे कोरून येणारी बारीक रेघ एकट्या चित्रकाराच्या हाती क्वचितच येते. दुसरं उत्तर अमेरिकेतलं. 1960मध्ये चित्रकार जून वेन यांनी लॉस एंजेलिसला टॅमरिंड ही शिळाछाप कार्यशाळा सुरू केली. तिथे छापणाऱ्याची उठावाची खूण कागदावर चित्रकाराच्या सहीइतक्याच हक्काने येते आणि प्रत्येक आवृत्तीची नोंद लिहिली जाते: किती प्रती, कोणते रंग, कोणता कागद, कोणी छापलं. आज दोघा-चौघांनी मिळून छापाचं काम हाती घेताना आम्ही याच नोंदीपासून सुरुवात करायला सांगू. ठसे कोणाच्या मालकीचे राहणार, किती प्रती काढून थांबायचं, चित्रकाराच्या आणि छापणाऱ्याच्या वाट्याला किती प्रती, दुसरी खेप काढायची तर कोणाला विचारायचं, रंगाबद्दल शेवटचा शब्द कोणाचा, हे पहिला ठसा कोरण्याआधी एका कागदावर उतरलं पाहिजे. निशिमुराया आणि होकुसाई यांच्या काळात ही उत्तरं रूढीने ठरलेली होती. आपल्याकडे तशी रूढी नाही, म्हणून भांडण होतं ते बहुतेक वेळा शेवटच्या प्रश्नावर.

या दोन उत्तरांच्या मधला एक माणूस महाराष्ट्रात येऊन गेला. जपानी चित्रकार योशिदा हिरोशी आधी प्रकाशकासाठी चित्रं काढत असे. 1923च्या भूकंपात त्या प्रकाशकाकडचे ठसे आणि छाप जळाले. पुढे त्याने स्वतःची कार्यशाळा काढली, कोरणारे आणि छापणारे नोकरीवर ठेवले आणि स्वतः दोन्ही कामं शिकला. 1930-31च्या हिवाळ्यात तो भारतात फिरला. त्या प्रवासावरून झालेल्या छापांत अजिंठा आहे, वेरूळही आहे. त्याच्या देखरेखीखाली छापलेल्या प्रतींच्या समासात 'जिझुरी' असा शिक्का असतो. अर्थ 'स्वतः छापलेलं'. बारेन मात्र बहुतेक वेळा त्याने ठेवलेल्या छापणाऱ्याच्या हातात असे, आणि योशिदा शेजारी उभा राहून प्रत्येक रंग पाहत असे.